घर, पेढी आणि कायदा

घरगुती धंद्याचा जन्म बहुधा मुहूर्त पाहून होत नाही. पापड, लोणची, मसाले, शिवणकाम, पुस्तकबांधणी यांपैकी एखादे काम आधी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आग्रहाखातर होते, मग ओळखीच्यांच्या ओळखीने वाढते, आणि एके दिवशी घरातील माणसांच्या ध्यानात येते की, माजघराच्या एका कोपऱ्याला पेढीचे रूप आले आहे. तोपर्यंत घरचे पीठ कोणते आणि धंद्याचे पीठ कोणते, हे कोणी वेगळे केलेले नसते. वाण्याची उधारी एकाच वहीत मांडलेली असते, आणि आलेला पैसा एकाच डब्यात पडत असतो. जोवर चार पैसे सुटतात तोवर यात कोणाला काही वावगे दिसत नाही.

अडचण उभी राहते ती तीन प्रसंगी. धंदा बुडतो, धंदा करणारे माणूस मरते, किंवा दोघे मिळून धंदा करणाऱ्यांत वितुष्ट येते. अशा वेळी कायदा दारात येऊन दोनच प्रश्न विचारतो. नुकसान झाले तर ते कोणी सोसावयाचे? आणि जे काही कमावले, त्याचा धनी कोण? या दोन प्रश्नांची उत्तरे धंद्याच्या कायदेशीर स्वरूपावर अवलंबून असतात. आपण कोणतेच स्वरूप निवडले नाही म्हणून धंदा स्वरूपावाचून राहतो, असे मात्र नाही. एकट्याने केलेला धंदा हा त्या माणसाचा देहच मानला जातो. दोघांनी मिळून धंदा चालवावयाचा आणि नफा वाटून घ्यावयाचा असे तोंडी जरी ठरले, तरी तेथे भागीदारी उत्पन्न होते. न निवडणे हीसुद्धा एक निवडच होय, आणि ती बहुधा सर्वांत महाग पडते. घर आणि धंदा यांच्यामध्ये भिंत असावी की नसावी, असल्यास ती कोणी व कशाची बांधावी, या प्रश्नाचा इतिहास म्हणूनच प्रत्येक गृहस्थाने जाणून घेण्यासारखा आहे.

आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्रकारांना हा प्रश्न अपरिचित नव्हता. व्यवहाराची जी अठरा पदे त्यांनी मानली, त्यांत 'संभूयसमुत्थान' नावाचे एक पद आहे. अनेकांनी एकत्र येऊन केलेला उद्योग, असा त्याचा अर्थ. ज्याने जितके द्रव्य घातले असेल त्या प्रमाणात, अथवा आधी जसे ठरले असेल तसे, लाभ आणि हानी वाटून घ्यावी, असा याज्ञवल्क्याचा निर्णय आहे. बृहस्पतीने तर भागीदार कसा नसावा हेही सांगून ठेवले आहे. अशक्त, आळशी, रोगी, दैवहीन आणि निराधार अशा माणसाबरोबर शहाण्याने उद्योग मांडू नये, असा त्याचा उपदेश आहे. उपदेश कठोर वाटतो. परंतु त्यामागे व्यवहाराचा कडवट अनुभव आहे. भागीदाराचे दुबळेपण आपल्या घरापर्यंत पोहोचते, हे त्या काळीही लोकांना कळून चुकले होते.

तथापि प्रत्यक्षात जुना धंदा चाले तो बहुतेक एकत्र कुटुंबाच्या आधाराने. कर्ता पुरुष घर चालवी आणि पेढीही चालवी. पेढीची पत म्हणजे घराण्याची पत, आणि घराण्याचा वाडा म्हणजे पेढीचे तारण. वडिलोपार्जित धंद्यासाठी कर्त्याने काढलेले कर्ज साऱ्या कुटुंबाच्या सामाईक मिळकतीवर बसे. इतर सहभागीदारांची जबाबदारी मात्र त्या मिळकतीतील त्यांच्या हिश्श्यापुरतीच असे. कर्त्याने अगदी नवाच धंदा काढला, तर इतरांच्या संमतीवाचून त्याचा बोजा सामाईक मिळकतीवर टाकता येत नसे. म्हणजे भिंत नव्हती असे नाही, पण ती कमरेएवढीच होती. शिवाय पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य मानले जाई. मुंबई इलाख्यात हे कर्तव्य इतके ताणले गेले होते की, बापाने दमडी मागे ठेवली नसली तरीही मुलाने त्याचे कर्ज फेडावे, असा अर्थ लावला जात असे. १८६६ साली मुंबई सरकारने हिंदू वारसांच्या सुटकेसाठी एक खास कायदा केला, तेव्हा कोठे मुलाची जबाबदारी वारशाने हाती आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित झाली. पुत्राच्या धर्मकर्तव्यावर आधारलेला हा दावा नव्या कर्जांच्या बाबतीत पूर्णपणे बंद होण्यास मात्र २००५ साल उजाडावे लागले.

घरगुती उद्योगाचा विचार करताना आणखी एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. असा उद्योग पुष्कळदा घरातील स्त्रीच्या हातांनी चालतो. तिने शिल्पाने, म्हणजे स्वतःच्या हातकौशल्याने, जे वित्त मिळवले त्यावर पतीचे स्वामित्व आहे, असे कात्यायनाचे मत होते. स्त्रीधनातून ही कमाई त्याने वेगळी काढली होती. विवाहात मिळालेला दागिना तिचा; परंतु रात्री जागून शिवलेल्या कपड्यांचे पैसे मात्र तिचे असतीलच असे नाही, असा हा विचित्र न्याय. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमात स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने किंवा श्रमाने मिळवलेल्या संपत्तीचा स्पष्ट उल्लेख झाला आणि त्या संपत्तीची पूर्ण मालकी तिला मिळाली. धंद्याचे स्वरूप निवडण्याचा प्रश्न स्त्रियांसाठी त्यानंतरच खऱ्या अर्थाने खुला झाला, असे म्हणण्यास हरकत नाही. कारण जी कमाई मुळात आपली नाही, तिला कोणत्या चौकटीत बसवावे याचा विचार कोण करणार?

इंग्रजी अमदानीत भागीदारीचे नियम प्रथम १८७२ च्या कराराच्या कायद्यात आले आणि पुढे १९३२ साली त्यांचा स्वतंत्र कायदा झाला. तो आजही लागू आहे. त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते. पेढीच्या कर्जास प्रत्येक भागीदार सर्वांसह आणि एकेकटाही जबाबदार असतो. आपसांत नफ्याचे प्रमाण काहीही ठरलेले असो, धनकोच्या दृष्टीने चार आण्यांचा भागीदारही सोळा आण्यांच्या कर्जाचा ऋणको असतो. समजा, दोन जावांनी मिळून मसाल्याचा धंदा काढला. एकीने दोनशे रुपये घातले, दुसरीने दोन हजार. धंदा बुडून व्यापाऱ्याचे देणे उरले, तर तो सारी रक्कम दोनशेवालीकडूनही मागू शकतो. तिने ती द्यावी, आणि मग आपल्या जावेकडून तिचा हिस्सा वसूल करीत बसावे.

याच कायद्यात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या घरगुती भागीदारांस बहुधा उशिरा कळतात. पेढीची नोंदणी सक्तीची नाही. परंतु नोंदणी नसलेल्या पेढीला शंभर रुपयांवरील करारी येणे वसूल करण्यासाठी गिऱ्हाइकावर दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र कोणीही दावा लावू शकतो. दार बाहेरून उघडते, आतून उघडत नाही, अशी ही स्थिती. दुसरी गोष्ट मृत्यूची. उलट करार केलेला नसेल तर एका भागीदाराच्या मरणाबरोबर पेढीही संपते. वीस वर्षे चाललेला उद्योग एका रात्रीत हिशेबाचा विषय होऊन बसतो, आणि शोकाच्या दिवसांत तराजू, कढया आणि उधारीच्या वह्या मोजण्याचा प्रसंग घरावर येतो.

भिंत नसली म्हणजे जप्ती कोठवर येते, हे पाहावयाचे असेल तर १९०८ च्या दिवाणी व्यवहार संहितेचे साठावे कलम वाचावे. हुकूमनाम्याच्या बजावणीत ऋणकोचे काय जप्त करता येत नाही, याची यादी तेथे दिली आहे. ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे आणि मुलांचे जरुरीपुरते कपडे, स्वयंपाकाची भांडी, बिछाने, कारागिराची हत्यारे, आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीला जे अंगावरून उतरविता येत नाहीत असे अलंकार. अर्थात मंगळसूत्र राहील, पाटल्या राहतीलच असे नाही. कायद्याने दाखविलेली ही दया आहे खरी; परंतु ही यादी वाचीत असता, जे यादीत नाही ते सारे धनकोच्या आवाक्यात आहे, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. एकट्याच्या नावाने धंदा करणारा आणि भागीदारीत धंदा करणारा, दोघेही या कलमाच्या आश्रयाने उभे असतात.

याहून उंच भिंत बांधण्याची युक्ती इंग्लंडातून आली. भागधारकाने आपल्या भागाची रक्कम भरली की कंपनीच्या कर्जाशी त्याच्या घरादाराचा संबंध उरू नये, हे मर्यादित जबाबदारीचे तत्त्व तेथील पार्लमेंटने १८५५ साली मान्य केले. हिंदुस्थानात १८५७ साली तसा कायदा झाला. परंतु कायदेकारांच्या डोळ्यांपुढे होत्या त्या गिरण्या, आगगाड्या आणि गोद्या. घरगुती धंदेवाल्याचा विचार त्यात नव्हता. १८६२ च्या इंग्रजी कायद्याप्रमाणे कंपनी स्थापन करण्यास निदान सात माणसे लागत. एका कुटुंबाने आपल्या धंद्यासाठी या कायद्याचा आश्रय घेतला तर चालेल काय, हा प्रश्न सोडविण्यासाठी लंडनच्या एका बूट बनविणाऱ्याला आपले सर्वस्व गमवावे लागले.

त्याचे नाव अ‍ॅरन सॉलोमन. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागात तो सुमारे तीस वर्षे चामड्याचे बूट तयार करून विकीत असे. धंदा त्याच्या एकट्याचा होता आणि चांगला चालला होता. मुलगे हाताशी आले होते आणि त्यांना धंद्यात वाटा हवा होता. १८९२ साली सॉलोमनने कंपनी नोंदविली. सात सभासदांची अट त्याने घरच्या घरीच पुरी केली. तो स्वतः, त्याची बायको, एक मुलगी आणि चार मुलगे. घरच्या सहा जणांना एकेका पौंडाचा एकेक भाग मिळाला. त्याच्या स्वतःच्या नावे २०,००१ भाग झाले. त्याने आपला धंदा या कंपनीला सुमारे ३९,००० पौंडांना विकला, आणि त्या किमतीपैकी १०,००० पौंडांचे कर्जरोखे कंपनीकडून लिहून घेतले. म्हणजे तो कंपनीचा धनीही झाला आणि तिचा तारणदार सावकारही झाला.

पुढे दैव फिरले. बुटांच्या धंद्यात संप झाले, मागणी मंदावली, आणि सरकारी कंत्राटे अनेकांत विभागली गेली. सॉलोमनने आपल्या कर्जरोख्यांच्या तारणावर ब्रॉडरिप नावाच्या गृहस्थाकडून ५,००० पौंड उचलले आणि ते धंद्यात ओतले. तरी धंदा सावरला नाही. १८९३ साली कंपनी मोडीत निघाली. मालमत्ता विकून ब्रॉडरिपचे देणे फिटले, तेव्हा हजार पौंडांहून थोडी अधिक रक्कम उरली. तारण नसलेल्या व्यापाऱ्यांचे येणे सात हजारांवर होते. शिल्लक सॉलोमनची की व्यापाऱ्यांची, असा वाद पडला.

खालच्या कोर्टाने म्हटले की, ही कंपनी म्हणजे सॉलोमनचा गुमास्ता; गुमास्त्याचे कर्ज धन्याने फेडावे. १८९५ साली अपील कोर्टाने याहून कडक भाषा वापरली. सात खरे व्यापारी एकत्र यावेत हा कायद्याचा हेतू. येथे एक खरा आणि सहा नावाचे, तेव्हा हा कायद्याचा दुरुपयोग होय, असा त्याचा आशय होता. सॉलोमन यावेळी इतका निष्कांचन झाला होता की, हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे त्याला निर्धन पक्षकार म्हणून जावे लागले. नोव्हेंबर १८९६ मध्ये त्या सभेच्या न्यायाधीशांनी एकमताने खालचे निर्णय फिरविले. कायद्याने सात सह्या मागितल्या आहेत. त्या सात जणांचे आपसांत नाते काय आणि प्रत्येकाचा हिस्सा किती, हे कायद्याने विचारलेले नाही. कंपनी एकदा नोंदली गेली म्हणजे ती आपल्या सभासदांहून निराळी अशी एक व्यक्ती होते. तिचे कर्ज ते तिचे, सॉलोमनचे नव्हे.

या निर्णयाने घर आणि धंदा यांच्यामधील भिंत छपरापर्यंत पोहोचली. परंतु त्या भिंतीच्या दुसऱ्या बाजूस कोण उभे होते, हेही पाहणे न्यायाचे होईल. ज्यांनी सॉलोमनला चामडे उधार दिले, ते व्यापारीही कोणाच्या तरी घरचे कर्ते होते. मर्यादित जबाबदारीने नुकसान नाहीसे होत नाही. ते एका घरावरून उचलून दुसऱ्या घरावर ठेवले जाते. म्हणूनच कायद्याने कंपनीकडून हिशेब, तपासणी आणि नावापुढे 'मर्यादित' हा शब्द यांची सक्ती केली. उधार देणाराने आधी पाटी वाचावी, हा त्या शब्दाचा अर्थ.

हिंदुस्थानात १९१३ च्या कायद्याने खासगी कंपनीसाठी दोनच सभासद पुरेसे मानले. तेव्हापासून पतिपत्नींची किंवा दोघा भावांची कंपनी सुलभ झाली. तथापि नोंदणीचा खर्च, हिशेबतपासणी आणि दरवर्षीची कागदपत्रे यांचा भार लहान धंद्याला पेलत नसे. शिवाय सावकार काही बुद्धीने कमी नसतो. कंपनीला कर्ज देताना तो चालकांची वैयक्तिक जामीनकी मागतो, आणि १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी, करारात मर्यादा घातली नसेल तर, मूळ ऋणकोइतकीच असते. कायद्याने मोठ्या कष्टाने बांधलेल्या भिंतीला अशा रीतीने एका सहीने दार पाडले जाते. कंपनी काढली म्हणजे घर सुरक्षित झाले, अशी ज्यांची समजूत असते, त्यांनी जामीनपत्रावर सही करण्यापूर्वी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

याच शतकात भांडवलवाल्यांच्या मार्गाहून निराळा असा एक मार्ग कामकऱ्यांनी शोधला होता. इंग्लंडातील रॉचडेल गावच्या विणकर व इतर कारागिरांनी १८४४ च्या डिसेंबरात टोड लेन या गल्लीत एक लहानसे दुकान उघडले. पीठ, लोणी, साखर असल्या नित्याच्या वस्तू ते विकीत. भाग किती घेतले याला महत्त्व न देता प्रत्येक सभासदाला एकच मत, आणि नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात, ही त्यांची व्यवस्था सहकाराचा पाया ठरली. हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. १९१२ साली त्याची व्याप्ती वाढून उत्पादक व ग्राहक यांच्या संस्थाही त्यात आल्या. आणि १९२५ साली मुंबई प्रांताने आपला स्वतंत्र कायदा केला. याहून जुना आणखी एक कायदा होता. १८६० चा संस्था-नोंदणीचा कायदा. वाचनालये, शाळा, धर्मादाय मंडळे यांच्यासाठी तो केलेला. त्याच्याही मुळाशी सातच माणसे होती. संस्थेविरुद्ध झालेला हुकूमनामा संस्थेच्या मालमत्तेवर बजावावा, चालकांच्या खासगी मालमत्तेवर बजावू नये, असे त्यात सांगितले होते. मात्र संस्था मोडली तर उरलेल्या मालमत्तेतील पैही सभासदांनी वाटून घेऊ नये, असेही बंधन त्यात होते.

या कायद्याचा घरगुती उद्योगाशी कसा संबंध आला, त्याची हकिकत मुंबईच्या गिरगावात घडली. १५ मार्च १९५९ रोजी लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटण्यास बसल्या. जसवंतीबेन जमनादास पोपट या त्यांच्यापैकी एक. भांडवल म्हणून त्यांनी छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकाकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. माल भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याकडे विक्रीस जाऊ लागला. धंद्यात खोट आली तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरावयाचा नाही, हे त्यांनी आरंभीच ठरविले होते. पारेखांना लोक छगनबापा म्हणत. हलका आणि भारी असे दोन प्रतींचे पापड करू नका, एकच उत्तम प्रत ठेवा आणि हिशेब चोख ठेवा, असा सल्ला त्यांनी दिला. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून पहिल्या वर्षी काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी खाटेवर पापड पसरून खाली शेगडी ठेवण्याची तोड निघाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची झाली.

तीन महिन्यांच्या आत पापड लाटणाऱ्या बायकांची संख्या पंचविसाच्या घरात गेली. आणि येथेच कायद्याचा प्रश्न आला. त्या काळी लागू असलेल्या १९५६ च्या कंपनी कायद्याप्रमाणे नफ्यासाठी धंदा करणाऱ्या वीसपेक्षा अधिक जणांच्या मंडळीला नोंदणीवाचून राहण्याची मुभा नव्हती. सात जणींची भागीदारी चालली असती. पंचवीस जणींची चालली नसती. मग सात जणींनी मालक व्हावे आणि बाकीच्यांनी मजुरीवर यावे, हा एक मार्ग होता. जगातील बहुतेक धंदे याच मार्गाने वाढले आहेत. कंपनी काढणे हा दुसरा मार्ग. पण कंपनीत मत भागांना असते, हातांना नसते, आणि भाग विकत घेणाऱ्याला पापड लाटता आलाच पाहिजे असे नाही.

त्यांनी तिसरा मार्ग धरला. १९६२ साली 'लिज्जत' हे नाव ठरले, आणि १९६६ साली 'श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड' ही १८६० च्या कायद्याखाली संस्था म्हणून नोंदली गेली. त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला ग्रामोद्योग म्हणून मान्यता दिली. संस्थेतील प्रत्येक काम करणारी स्त्री 'बहीण' म्हणविली जाते आणि सहमालक मानली जाते. सकाळी शाखेत जाऊन कालचे लाटलेले पापड द्यावयाचे, वणाई घ्यावयाची आणि मळलेले पीठ घरी आणावयाचे, हा तिचा नित्यक्रम. कारभार एकवीस जणींची व्यवस्थापक समिती पाहते. पैसा घालून बाहेरच्या माणसाला या मालकीत शिरता येत नाही, कारण येथे मालकी हाताच्या कामाशी बांधलेली आहे. गच्चीवरून निघालेला हा उद्योग पुढे देशभर पसरला, आणि २०२१ साली जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री देण्यात आली.

या निवडीलाही किंमत पडली, हे विसरता कामा नये. सॉलोमनच्या मुलांना बापाचे भाग वारशाने मिळू शकत होते. गिरगावच्या सात जणींना आपला उद्योग विकता आला नाही, की लेकीसुनांच्या नावे करून देता आला नाही. तो त्यांच्या हयातीतच त्यांचा एकट्यांचा राहिला नाही. उलट पक्षी, तो त्यांच्यापैकी कोणाच्या मृत्यूने थांबलाही नाही, आणि एकीच्या घरच्या भांडणाने फुटलाही नाही. दोन्ही ठिकाणी कायद्याने सात जणच मागितले होते. लंडनला सातांमागे एकच खरा होता. गिरगावात सातांमागे हजारो जणी येऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर कायदा लहान धंदेवाल्याच्या बाजूला पुष्कळ सरकला आहे. २००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारी भारतात आली. तिच्यात भागीदारीचा मोकळेपणा राहतो, आणि एका भागीदाराच्या चुकीचे पाप दुसऱ्याच्या घरावर येत नाही. जे. जे. इराणी यांच्या समितीने २००५ साली केलेल्या शिफारशीस अनुसरून २०१३ च्या कंपनी कायद्याने एकट्या व्यक्तीलाही कंपनी काढण्याची मुभा दिली. आपल्या पश्चात कंपनी कोणाकडे जावी, त्याचे नाव तिने आधीच नोंदवून ठेवावयाचे असते, म्हणजे मृत्यूच्या प्रसंगाचीही तरतूद होते. १८६२ च्या इंग्रजी कायद्यात सात, १९१३ च्या आपल्या कायद्यात दोन आणि २०१३ साली एक, अशा पायऱ्या उतरत कायदा घरच्या उंबरठ्यापर्यंत आला. ज्या गोष्टीसाठी सॉलोमनला बायकोमुलांच्या सह्या गोळा कराव्या लागल्या, ती आज एकट्याच्या सहीने होते.

मार्ग वाढले म्हणून निवड सोपी झाली, असे मात्र नव्हे. शिकवणी किंवा शिवणकाम यांसारख्या धंद्यात उधारी नसते आणि बुडण्याजोगे फारसे काही नसते. तेथे एकट्याच्या नावाचा साधा धंदा आणि स्वतंत्र वही एवढे पुष्कळ आहे. जेथे उधारीचा माल येतो, किंवा खाण्याची वस्तू परक्याच्या पोटात जाते, तेथे भिंतीचा खर्च सोसणे शहाणपणाचे. जेथे दोघे आहेत, तेथे प्रेम कितीही असो, मृत्यू आणि फारकत यांचा उल्लेख असलेला लेखी करार हवा. तो अविश्वासाचा कागद नसून पुढे येणाऱ्या वारसांवर केलेला उपकार आहे. आणि जेथे पुष्कळांच्या हातांनी धंदा चालतो, तेथे त्या हातांना मत असावे की केवळ मजुरी असावी, हे पहिल्या दिवशीच ठरवावे; कारण धंदा वाढल्यावर मालकी वाटून देण्याची बुद्धी क्वचितच होते.

या सर्व निवडी धंदा लहान असतानाच सुकर असतात. नुकसान होण्यापूर्वी ते कोणाचे हे ठरवावयास कोणाचे मन दुखत नाही. नफा होण्यापूर्वी त्याची वाटणी करण्यास कोणाचा हात आखडत नाही. गिरगावच्या गच्चीवर चारच पाकिटे तयार झाली होती, आणि हात न पसरण्याचा निश्चय त्याआधीच झाला होता. माजघरात पहिली बरणी भरली जाते त्याच दिवशी घरच्या वहीशेजारी धंद्याची दुसरी वही मांडावी, आणि तिच्या पहिल्या पानावर त्या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवावी. नुकसान कोणाचे, आणि धनी कोण.